पालथी

आमच्या घरात जो जोरात रडेल त्याच्याकडे आधी बघायचं, असा नियम आहे. कुणी ठरवून केलेला नाही. आई पाळणाघर चालवते आणि तिथे दुसरं काही चालतच नाही. एक पोरगं भोकाड पसरतं, आई त्याला कडेवर घेते, ते थांबतं, तोवर दुसरं सुरू होतं. संध्याकाळी आई घरी आली की ताई सुरू व्हायची. बूट चावला तरी घर डोक्यावर घ्यायची. मी कोपऱ्यात बसून अभ्यास करायचे, आणि आल्यागेल्याला आई कौतुकाने सांगायची की धाकटीचं काही बघावंच लागत नाही, भारी समजूतदार आहे. त्या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे.

आता मी पंचवीस वर्षांची आहे. कवळ्या बनवतात तिथे काम करते. दिवसभर लोकांचे दात घासून गुळगुळीत करायचे, तेही तोंडाबाहेर. बोलायची वेळ येत नाही, आणि माझ्या न बोलण्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही.

पोहायला आम्ही घरचे सगळेच जातो. गेल्या वर्षी तिथल्या सरांनी आम्हाला जीवरक्षणाच्या स्पर्धेत उतरवायचं मनावर घेतलं. सरांच्या गळ्यात झोपेतसुद्धा शिट्टी असावी, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. हे नुसतं पोहणं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. तळाशी प्लास्टिकचा एक बाहुला टाकतात. बुडी मारून तो वर काढायचा आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवून काठापर्यंत ओढत न्यायचा. बाहुल्यात पाणी भरलेलं, त्यामुळे तो चांगलाच जड. ताईने त्याला गळ्याला धरून आणला. याला वाचवलंत की याचा गळा आवळलात, असं सरांनी विचारल्यावर ती दिवसभर फुगून बसली. मामाने तर बाहुला अर्ध्यात सोडून स्वतःचा जीव वाचवला. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून जमला. मला श्वास बराच वेळ रोखून धरता येतो, आणि बाहुलाही माझ्यासारखाच गप्प.

मग सरांनी सांघिक प्रकार समजावला. चौघांचा संघ एका बंद खोलीत बसवतात. बाहेर तलावात काही माणसं बुडण्याचं नाटक करतात. दार उघडलं की हातात दोन मिनिटं. कोण कुठे आहे, कुणाला काय झालंय, आधी कुणाकडे जायचं, हे संघनायकाने एका नजरेत ठरवायचं आणि बाकीच्यांना कामाला लावायचं. संघनायक आई होणार, हे वेगळं सांगायला नको. तिने ताईला घेतलं, आपल्या भावाला, म्हणजे मामाला घेतलं. चौथी जागा उरली.

ती मला हवी होती. इतकी हवी होती की त्या आठवड्यात मी एका कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला. पण आईला म्हणाले नाही. सगळ्यांच्या आधी बाहुला काठाला कोण आणतं, हे तिला दिसत असेल असं मी धरून चालले होते.

आईने मामीला घेतलं. मामीला पोहता येतं असं आपण म्हणायचं, कारण ती बुडत नाही. आवाज मात्र खणखणीत. तिथे ओरडावं लागतं, आई मला म्हणाली, आणि तुझा आवाज म्हणजे घशातल्या घशात. तू समजून घेशील. घेतलं समजून. नंतर दोन दिवस कवळ्या जरा जास्तच जोरात घासल्या गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी सगळे संघ खोलीत बंद झाले आणि मग लक्षात आलं की बुडणारी माणसं कमी आहेत. शिट्टीसर कुणी मिळतंय का बघत धावपळ करत होते. मी हात वर केला. पांढऱ्या कपड्यांतल्या पंचबाईंनी मला बेशुद्ध माणसाचं काम दिलं. पाण्यावर पालथं पडायचं, हलायचं नाही. दम संपला तर सरळ मान वळवून श्वास घ्यायचा, उगाच शूरपणा करायचा नाही. काठावर खरा जीवरक्षक लक्ष ठेवून होताच. माझ्यापलीकडे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांचं काम हातपाय झाडत बोंब मारायचं, आणि ते त्यांनी अगदी मनापासून केलं.

पहिले तीन संघ येऊन गेले. तिन्ही वेळा कुणीतरी त्या गृहस्थांकडे काठावरूनच तरंगती रिंग फेकली आणि दुसरं कुणीतरी थेट माझ्याकडे आलं. एका अनोळखी मुलीने मला उताणं केलं, हनुवटी उचलली आणि काठावर आणेपर्यंत माझ्याशी बोलत राहिली. बेशुद्ध माणसाशी काय बोलायचं, पण मला बरं वाटलं.

चौथा संघ आमचा. पाण्याखाली आवाज पोचतो, शब्द कळत नाहीत. तरी मामीची आरोळी मी ओळखली, आणि त्याहून वर चढलेला आईचा आवाजही. कुणीतरी उडी मारली. मी डोळे उघडे ठेवले होते. आईचा जांभळा पोशाख माझ्या दिशेने आला, अगदी जवळ आला, तिचा पाय माझ्या खांद्याला लागला आणि ती पुढे गेली.

मी मान वळवली नाही. हट्ट म्हणा. ती परत फिरेल असं वाटत होतं. छातीत जळायला लागलं, कान ठणकायला लागले, तरी मी वाट बघितली. शेवटी वळवावीच लागली. आई त्या गृहस्थांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पाळणाघरातल्या आवाजात सांगत होती, घाबरायचं नाही हं, मी आहे ना. मामा आणि ताई दोन बाजूंनी त्यांनाच ओढत होते. शिट्टी झाली. मला रडू आलं, पण पाण्यात ते कुणाला कळलं नाही.

मी उभी राहिले तेव्हा आईने मला पाहिलं आणि इथे काय करतेस म्हणून विचारलं. उत्तर द्यायच्या आत गुण वाचून दाखवले. आमचा संघ शेवटचा. बेशुद्ध व्यक्तीसाठी शून्य. आई ओल्या अंगानेच पंचबाईंकडे तरातरा गेली.

"अहो, ती माझीच मुलगी आहे. मासोळीसारखी पोहते. तिला काय होणार होतं?"

पंचबाईंनी कागदावरून नजरही काढली नाही. "तुम्ही तिला ओलांडून पुढे गेलात. आमच्या लेखी ती गेली."

मामीसुद्धा गप्प बसली, हे नोंद करण्यासारखं आहे. आई बाकापाशी आली, माझा टॉवेल उचलला आणि पाळणाघरातल्या पोरांचं पुसते तसं माझं डोकं खसाखसा पुसायला लागली. सगळ्यांच्या देखत. माझे कान दुखले.

"एक हाक तर मारायचीस," ती म्हणाली.

"बेशुद्ध होते ना मी."

तेवढ्यात तिकडे ताईचा पाय ओल्या फरशीवर घसरला आणि तिने नेहमीप्रमाणे आईच्या नावाने टाहो फोडला. आईचे हात थांबले. मान तिकडे वळली. मला वाटलं, झालं.

"बघ रे तिच्याकडे," आई मामाला म्हणाली आणि परत पुसायला लागली.

"आई, मला संघात यायचंय," मी म्हणाले. घशातल्या घशातच म्हणाले.

आई हं म्हणाली. केस केव्हाच कोरडे झाले होते, पण मी तिला तसं सांगितलं नाही.