नूरुद्दीनने भरलेली दाढ

"हे तुला खरं वाटणार नाही, जॉर्ज. आजवर कुणालाच वाटलेलं नाही," मी म्हणालो.

जॉर्जने नुकताच संगमनेरला दातांचा दवाखाना काढला होता. पुण्याच्या आमच्या दंतवैद्य मंडळाची फेलोशिप त्याला हवी होती. तिथे अर्ज चालत नाही. बरोबरीच्या दंतवैद्याने नाव सुचवायचं, तेही त्या माणसाला न कळवता. हे ठाऊक असल्यामुळे पोरगा आडून आडून विचारत होता. समोर लिडिया, माझी बायको, शेंगा फोडत बसली होती.

म्हटलं, याला नूरुद्दीनची गोष्ट सांगावी.

नूरुद्दीनचा आणि माझा दवाखाना नगरला. दवाखाना एक, खुर्च्या दोन. सोन्याचा वर्ख थरावर थर ठोकून दाढ भरावी तर नूरुद्दीननेच. पण त्रेचाळीस साली त्याचा हात कापू लागला आणि बाजारभर बोभाटा झाला. नेवाशाहून खास त्याच्यासाठी येणारी माणसं माझ्यापुढे रांग लावू लागली. तो आपल्या रिकाम्या खुर्चीचं पितळ पुसत बसे. फेलोशिपसाठी त्याचं नाव द्यायचं तर त्याच साली. पुढच्या साली तो हात उरला नसता. अडचण एकच होती. उमेदवाराचं ताजं काम जित्या माणसाच्या तोंडात पुण्याला नेऊन दाखवावं लागे, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं.

"मग मीच बसलो," मी जॉर्जला सांगितलं. "त्याचा हात म्हणजे खडीवरून चाललेला टांगा. भूल घेतली नाही. उलट अख्खं स्तोत्र म्हटलं."

आ वासून स्तोत्र कसं म्हटलं, असं त्याने विचारलं. नाकातून, मी म्हणालो. पुण्यात अध्यक्षांनी माझ्या दाढेत बघून मिशा नीट केल्या, अशी चकाकी होती. फेलोशिप जागच्या जागी मंजूर. नूरुद्दीन जाऊन वर्ष झालं, पण दवाखान्यावर त्याच्या फेलोशिपची पाटी मी अजून ठेवली आहे.

"बघू की काका, ती दाढ."

"ती पुढं पडली रे."

"पडली न्हाई," लिडिया मान वर न करता म्हणाली. "माज्या तोंडात हाय. त्यांनी हातोडी उचलली तसं तुमी खुर्चीतनं उठलात, म्हनून मी बसले. पुन्यात त्या परक्या बाप्यांपुढं आ मी वासला. तुमी माजी छत्री धरून भिंतीकडं बघत हुतात."

जॉर्ज हसेल असं वाटलं. तो हसला नाही. भीती नाही का वाटली काकू, असं त्याने हळूच विचारलं.

"वाटली की. पन डोळे मिटले असते तर मी भ्याले हे त्यांना कळलं असतं. म्हनून बघतच ऱ्हायले त्यांच्याकडं. मग थांबला हात कापायचा."

एक शेंग बोटांनी फुटेना. तिने ती उजवीकडच्या त्याच दाढेखाली धरली आणि कट्कन फोडली.