मॅडमचं माप

मास्तर तसे खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. 'गुरुवारी नक्की' म्हणून कपडे रविवारी द्यायचे, याला जगातला कुठलाच शिंपी खोटं मानत नाही, तेव्हा ते सोडून देऊ. बाकी माणूस सरळ. उरलेलं कापड घडी घालून परत देणारा, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर 'सुटलंय' म्हणून सांगणारा. अशा माणसानं आपल्या बायकोला सलग तीन आठवडे फसवलं, आणि तेही सुईदोऱ्यानं.

बायको म्हणजे मॅडम. बावीस वर्षं ती लोकांना मोटार चालवायला शिकवत होती, त्यामुळे सगळी गल्ली तिला मॅडम म्हणायची. शिकवताना तिचा आवाज चौकापलीकडे ऐकू जायचा. तिच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे म्हातारा झाला तरी आरशात बघितल्याशिवाय वळायचा नाही. मास्तरही तिला मॅडमच म्हणू लागले, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं.

मॅडमला डिप्रेशन होतं, हे घरात कुणी लपवत नव्हतं. सात वर्षं झाली होती. एका गोळीनं बरेच दिवस चांगली साथ दिली, मग तिचा जोर ओसरत गेला. मास्तरांच्या ते लक्षात आलं एका दुपारी, दुकानाच्या समोरच. एका शिकाऊ बाईंनी गाडी मागे घेता घेता फाटकाच्या खांबावर नेऊन आदळली. मास्तर कात्री खाली ठेवून वाट बघत राहिले, आता मॅडमचा आवाज चढणार. मॅडम 'असू दे' म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.  त्यानंतर पंधरा दिवसांत ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून दुपारपर्यंत झोपू लागली.

डॉक्टरबाईंनी गोळी बदलायची ठरवली. जुनी एकदम बंद करायची नाही, आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्यायची, आणि नवी तशीच पायरीपायरीनं वाढवायची. मास्तरांनी हे सगळं खाकी कागदावर खडूनं आखून काढलं. जुन्या गोळीची रेघ उतरती, नवीची चढती, आणि तो कागद दुकानाच्या मागच्या भिंतीवर इतर नमुन्यांशेजारी टांगला. अक्का, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, दुकानात काजं-बटणं करायची. तिनं एकदा तो कागद कोटाची बाही समजून कापडावर ठेवलाही होता. वेळीच लक्षात आलं, नाहीतर कुणीतरी मॅडमच्या औषधांचा कोट घालून फिरलं असतं.

कागदावर रेघा सरळ होत्या. मॅडमच्या अंगात मात्र सगळा गोंधळ होता. मान वळवली की डोक्यात झिणझिण उठायची. "नवशिक्यानं क्लच सोडला की गाडी हिसका देते ना, तसं डोक्यात होतंय," ती म्हणायची. तोंडाला कोरड, हातांना घाम, जांभया इतक्या की समोरचं गिऱ्हाईकही जांभया देऊ लागायचं. चक्कर थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, म्हणून ती दुकानात खुर्ची टाकून बसू लागली. आणि मळमळ. सकाळी अर्धा टोस्ट, दुपारी चार घास मऊ भात, संध्याकाळी नुसता पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन बसणं. मास्तर आग्रह करायचे, ती ताट सरकवायची, मास्तर ते झाकून ठेवायचे.

गोळी सुरू करायच्या आदल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं होतं, "अहो, आधीच सांगते. या गोळीनं माझ्या अंगावर काही दिसायला लागलं, वजन वाढो की उतरो, तर त्याच दिवशी ती कचऱ्याच्या डब्यात."

हे पोकळ बोलणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी वजन वाढतंय म्हणून तिनं कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या होत्या. पुढचे चार महिने मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिला भरवायचं, तिचे केस विंचरायचे, आणि मशीनवर बसलं तरी कान मागच्या खोलीकडे. ते दिवस आठवले की अजूनही त्यांच्या हातून दोरा सुटायचा.

म्हणून चौथ्या आठवड्यात, बायकोची पँट कमरेला सैल होऊन ती सारखी वर ओढतेय हे दिसलं, तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात वजनकाटा नव्हता. मास्तरांच्या डोळ्यांना त्याची गरजही नव्हती, समोरचा माणूस किती इंचांनी बदलला हे त्यांना दारातूनच कळायचं. धुण्याचे कपडे तेच बघत होते. मंगळवारी सकाळी, ती आंघोळीला गेलेली असताना, त्यांनी तिच्या तिन्ही पँट कमरेत पाऊण इंच आत घेतल्या. पुढच्या आठवड्यात शर्टांच्या बाजू. मग पुन्हा पँट. जादा कापड मात्र त्यांनी कापलं नाही. आतल्या बाजूला माया तशीच ठेवली, कारण ही परत भरणार आहे आणि तेव्हा शिवण उसवावी लागणार आहे, याबद्दल त्यांना मनातून जराही शंका नव्हती.

अक्काला दोऱ्यावरून कळलं. मॅडमच्या पँटचा निळसर राखाडी दोरा दुकानात दुसऱ्या कुठल्याच कपड्याला लागत नव्हता.

"हे काय चाललंय तुझं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी पटकन चार टाचण्या तोंडात धरल्या. नको त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसलं की ते हेच करायचे.

"धर, अजून डबाभर धर तोंडात," अक्का म्हणाली. "बायको आहे ती. तागा नव्हे, की तू परस्पर कमीजास्त करावंस."

मास्तरांना पटत नव्हतं असं नाही. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. एक गृहस्थ दुकानासमोर गाडी आडवी लावून निवांत निघून चालले होते. मॅडम खुर्चीतून उठली, दारात गेली आणि तिनं त्यांना असं काही झापलं, की समोरच्या चष्मेवाल्यानं बाहेर येऊन बघितलं. गृहस्थांनी गाडी सरळ लावली. मग मॅडमनं ती पुन्हा एकदा सरळ लावायला लावली. मास्तर मशीनवर मान खाली घालून बसले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. कितीतरी आठवड्यांनी तो आवाज ऐकू आला होता. गोळी लागू पडत होती. अशा वेळी 'तू वाळत चालली आहेस' हे वाक्य त्यांच्या जिभेवर येईना.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. दर पंधरा दिवसांनी त्या फोनवरच चौकशी करायच्या. मॅडमच्या हाताला अजून घाम यायचा, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून कापायच्या टेबलावर ठेवला. अक्का बटणं लावत होती. मास्तर एका कोटाला टाचण्या मारत होते.

झोप बरी, चक्कर कमी, झिणझिण दिवसातून दोनतीनदा. मॅडम सगळं नीट सांगत होती.

"आणि जेवण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला आपलं वाटतं, की कमी पडतंय. जिना चढताना पायांत जोर नसतो. पण ते माझ्या मनाचे खेळ असतील."

"वजन बघितलंत?"

"काटा नाही आमच्याकडे."

"मग कपडे कसे बसतात? सैल झालेत का?"

"मुळीच नाही," मॅडम हसून म्हणाली. "उलट इतके बेतशीर कधी बसले नव्हते. घरात टेलर आहे ना, सारखी नजर असते."

"छान. म्हणजे शरीरानं गोळी पचवली म्हणायची. मग उद्यापासून डोस वाढवू या. थोडे दिवस मळमळ वाढेल, पण वजन टिकून आहे, तेव्हा काळजी नाही."

अक्कानं मान वर करून भावाकडे बघितलं. मास्तरांच्या तोंडात सहा टाचण्या होत्या. अर्धा टोस्ट खाणारी बाई, तिची मळमळ उद्यापासून वाढणार, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून, तर त्यांनी स्वतःच्या हातानं मारलेल्या शिवणीच्या. बोलावं तर ही आत्ताच्या आत्ता गोळ्या फेकून देणार. न बोलावं तर... त्यांनी टाचण्या हातावर काढल्या. एक ओठाला लागलीच.

"डॉक्टर," ते म्हणाले, "थांबा जरा. कपडे मी आत घेतलेत. दोनदा. कंबर पावणेदोन इंच उतरलीय तिची. तिला माहीत नाही."

 मग डॉक्टरबाई शांतपणे बोलल्या, "बरं झालं सांगितलंत. मग डोस वाढवायचा नाही. आहे तोच राहू दे, गोळी जेवणानंतर घ्या, दिवसातून पाचसहा वेळा थोडंथोडं खा. उद्या कुठेही जाऊन वजन करा आणि मला कळवा. आणि मॅडम, कृपा करून स्वतःहून काही बंद करू नका."

मॅडम 'हो' म्हणाली, फोन बंद केला आणि कपडे घालून बघायच्या खोलीत जाऊन तिनं पडदा ओढून घेतला.  मग तिचा हात तेवढा बाहेर आला.

"अक्का, ती छोटी कात्री द्या."

अक्कानं कात्री दिली. मास्तरांना म्हणाली, "तू गप बस. आणि टाचण्यांना हात लावू नकोस."

आतून दोरे तुटल्याचा कटकट आवाज येत राहिला. मास्तरांना आपली शिवण ओळखता येत होती. बारीक टाका, लवकर उसवणारा नव्हे. ती एकेक टाका कापत होती. पडदा बाजूला झाला तेव्हा पँट तिच्या कमरेवरून घसरत होती आणि तिनं ती एका मुठीत धरली होती. एवढं कापड मुठीत मावलेलं बघून तिलाही धक्का बसला असावा. चेहरा उतरला होता, डोळे मात्र मास्तरांवर रोखलेले होते.

"मला वाटत होतं पायांत जोर नाही," ती म्हणाली. "रोज वाटत होतं. मग मी पँट चढवायची, ती बरोबर बसायची, आणि मी स्वतःला सांगायची, तुझं डोकं पुन्हा तुला फसवतंय, काही झालेलं नाही तुला. मास्तर, माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? कपड्यांवर होता. तोही तुम्ही काढून घेतलात."

मास्तरांना वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडणं सोपं गेलं असतं. हे बोलणं त्यांच्या काळजाला लागलं. तिचं दुखणं झाकायला म्हणून गेले आणि तिला स्वतःबद्दल जे खरं कळत होतं, तेच त्यांनी खोटं पाडलं होतं.

"चुकलो," ते म्हणाले. "मला भीती वाटली. तू गोळी सोडशील, पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपशील. मला ते पुन्हा बघवणार नाही गं."

"मलाही भीती वाटते. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते." ती खुर्चीवर बसली, मूठ तशीच कमरेला. "पण तुम्ही तिकडे एकटे घाबरताय, मी इकडे एकटी घाबरतेय, हा काय संसार झाला?"

अक्कानं नाक ओढलं आणि बटणाला उगाचच दोन टाके जास्त घातले.

"आणि गोळी?" मास्तरांनी विचारलं. 

 मॅडमनं भिंतीवरच्या खाकी कागदाकडे बघितलं, मग हातातल्या कापडाकडे.

"परवा त्या गाडीवाल्याला झापलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी मागे जाऊन रडले. तुम्हाला नाही सांगितलं. कितीतरी दिवसांनी रडू आलं होतं. ते मला नाही सोडायचं. घेईन मी गोळी. पण यापुढे माझ्या अंगात काय चाललंय, ते मला आधी कळलं पाहिजे."

मास्तरांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं, आणि या वेळी तोंडात काही नव्हतं.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्यापुढे उभे राहिले. ती उठली, हात वर केले. पँट सांभाळायला अक्का धावली. मास्तरांनी कमरेभोवती टेप धरली, पण आकडा स्वतः वाचला नाही. टेप तिच्या अंगठ्याखाली दिली. तिनं वाकून बघितलं आणि आकडा मोठ्यानं म्हटला. मग खडू घेऊन खाकी कागदावर, दोन्ही रेघांच्या खाली, तिनं तो तारखेसकट लिहिला.

"पट्टा देऊ?" मास्तरांनी विचारलं.

"नको. सैल आहे ते सैलच राहू दे. उद्या वजन करून येऊ. आता घरी चला, चार घास खाऊन बघते."

दिवे मालवून तिघं बाहेर आली. रस्त्यात उतरायच्या आधी मॅडमनं सवयीनं दोन्ही बाजूंना बघितलं, मान वळवताना जरा थबकली, आणि मास्तरांचा हात धरला. तिच्या एका मुठीत पँट होती, दुसरीत मास्तर, आणि मास्तर काही केल्या हात सोडवून घ्यायला तयार नव्हते. शेवटी दुकानाला कुलूप अक्कानंच लावलं.