बायाक्काचा सांधा

शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या राज्यात, त्या काळची ही गोष्ट. बायाक्का कोष्टीण हद्दीच्या दगडाला लागूनच राहायची. एके सकाळी तिनं लुगड्याचा लांबलचक ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, खळ लावायला गल्लीत पसरला होता. अर्धा ताणा या राज्यात, अर्धा त्या राज्यात! शेजारी राहणाऱ्या परसूची म्हैस दावं तोडून त्यातून थेट आरपार गेली.

बायाक्कानं त्याच दिवशी परसूला बेळगावच्या मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. तिचा आवाज असा चढला की कोर्टाचा पट्टेवालाही दचकला.

"बाई, धागे दगडाच्या कुठल्या बाजूला तुटले?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं. "शहापूरच्या बाजूला तुटले असतील, तर तिथं माझा अधिकार चालत नाही."

"चला की, दावते!"

साहेब आले. चष्मा लावून, वाकून त्यांनी सगळा ताणा पाहिला. तूट कुठंच दिसेना.

"तुटलेले धागे तसंच ठिवायला मी काय आळशी हाय व्हय? कोर्टात यायच्या आधीच सांधलं की!"

"मग सांधा दाखवा."

बायाक्का ताण्यावर बोटं फिरवत गेली आणि तशीच परत आली. तिलाही सांधा सापडेना. खटला हातचा चालला होता, पण तिची छाती फुगत होती. "माझ्याच बोटांस्नी गावंना, रावसाहेब, तर तुमच्या चष्म्याला काय गावणार!"

साहेबांनी हसत खटला काढून टाकला. परसू हळूच सटकायला लागला, तशी ती कडाडली, "थांब रं परश्या! म्हशीचं तुटकं दावं आण हिकडं. ते बी मीच सांधते. मग बघू कशी सुटतीया!"