ढाल आली तर

"बुडालास तर बूड, पर हात थांबवू नगंस!" काठावरून बनाबाई ओरडली आणि तिनं माझ्या कमरेचा दोर ढिला सोडला.

मी बुडालो. पाठीला बांधलेला डालड्याचा रिकामा डबा मला वर आणायला बघत होता आणि मी त्याला खाली न्यायला. नाकातोंडात पाणी गेलं. वीस वर्षांचा घोडा मी, पण शेवटी तिनं मला रेडकासारखं ओढून काठाला आणलं. बांधाला पाण्याच्या बाजूनं रचलेल्या पिचिंगच्या दगडांवर बसून माणिकप्पा पोट धरून हसत होता. जसं काही त्याला येत होतं! बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. पोहायला शिकायचं वय तेच. आमच्या बरोबरीची सगळी पोरं तेव्हा कोरडी राहिली ती राहिलीच.

साल होतं त्र्याऐंशी. दूध संघाला दहा वर्षं झाली म्हणून गावोगावच्या सोसायट्यांसाठी तिहेरी शर्यत ठेवली होती. एका गावचे तीन गडी. अणदूरपासून माळ चढून पळत यायचं, माथ्यावर तिघांना मिळून एक सायकल मिळणार, ती घेऊन तीन कोस, आणि शेवटी आमच्या गावचा पाझर तलाव पोहून पार करायचा. तिघांतला शेवटचा गडी बांधाला लागेल ती त्या गावची वेळ. पहिल्या येणाऱ्या गावाला पितळी ढाल. बाहेरून कोणी हात लावला की गाव बाद.

आमच्या गावातून मी निवडला गेलो, कारण सोसायटीचे चेअरमन बब्रुवान माझे काका. यात माझं कर्तृत्व शून्य. माणिकप्पा रोज दुधाचे कॅन सायकलवरून जळकोटला पोचवायचा, म्हणून तो. तिसरा बनाबाईचा बाबू. त्याच्याइतकं पळणारं आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हतं. आणि पोहणं म्हणाल तर गावात त्या मायलेकरांनाच येत होतं. बनाबाईचं माहेर बोरी नदीकाठचं, तिथल्या डोहात ती शिकली आणि बाबूलाही तिनं तिथंच शिकवलं. आमच्या गावात ती सोसायटीचे कॅन धुवायची.

शिकवायला म्हणून तिला बोलावलं खरं. पण पहिल्याच दिवशी तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि काका पुढं झाले.

"बने, तू काठावरूनच शिकीव. बाबूबी शर्यतीदिवशी उतरंल. खाली गावाची पिण्याची हीर हाय."

काकांच्याच चार म्हशी तेव्हा तलावात नाकपुड्या वर काढून डुंबत होत्या. पिण्याच्या पाण्याला म्हशी चालत होत्या, बौद्धवाड्यातली बाई चालत नव्हती. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून खरं कारण कोणी तोंडावर आणलं नाही. मीही नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

बनाबाईनं काष्टा सोडला नाही.

"बरं. काठावरून शिकवते. पर चेरमन, ह्यो तलाव बहात्तरला कुनी खांदला?"

"दुष्काळी कामावर समदाच गाव व्हता की."

"तुमी हजेरी लिवायला व्हता. माती आमी वाह्यली. बाबूचा बाप ह्याच पिचिंगचे दगूड फोडीत व्हता. तलाव भरल्याला बघाया त्यो ऱ्हायला न्हाय. म्हून सांगते, ढाल आली तर म्या उतरनार. ह्या काठापसून त्या काठापतूर. कुनी हूं की चूं करायचं न्हाय."

काका हसले. कसली ढाल नि कसलं काय, असं त्यांना वाटलं असणार. सोसायटीचे सचिव गुरुलिंग आणि निम्मा गाव ऐकत उभा होता.

"आली तर उतर," काका म्हणाले.

त्या दिवसापासून तिनं आम्हाला पिळून काढलं. दुष्काळी कामावर बायका टोपल्यांची साखळी करायच्या, इकडून घ्यायचं, तिकडं द्यायचं, आणि "घे... दे..." असा ठेका धरायच्या. तोच ठेका तिनं पाण्यात लावला.

"फुडलं पानी घे, मागं दे. हात रिकामा ऱ्हायला का साखळी तुटली."

दर आठवड्याला ती माझ्या डब्यात तांब्याभर पाणी वाढवायची. डबा काठोकाठ भरला तेव्हा म्हणाली, "आता ह्येचा काय उपेग? सोड." मी सोडला, आणि तरंगलो. माणिकप्पाचं हसू त्या दिवशी बंद झालं, कारण दुसरा नंबर त्याचा होता.

सायकलचा डावही तिचाच. बाकीची गावं ट्रिपल सीट घालणार हे उघड होतं.

"तिघं बसला तर सायकल रडंल. एकानं घिऊन फुडं जायाचं, मैलावर बाभळीला टेकवायची आन पळत सुटायचं. मागल्यानं यिऊन उचलायची. ज्येचं पाय दमलं त्यो सायकलीवर."

"आपलीच सायकल वाटंत टाकून पळायचं? लोक येडं म्हनतील की!" माणिकप्पा म्हणाला.

"म्हनू दे. हासायला काय लागतंय?"

लोक हसलेच. शर्यतीच्या दिवशी बाबूनं सायकल बाभळीला टेकवली आणि पळत सुटला, तेव्हा बघ्यांनी टाळ्या पिटून टिंगल केली. पुढच्या चढावर मात्र ट्रिपल सीटवाले एकेक करून उतरले. एका गावाच्या सायकलीची मागची रिंग वाकली आणि तिघं तिला पाळण्यासारखं उचलून चालू लागले. आम्ही अकरा गावांतून दुसरे म्हणून तलावाच्या पलीकडच्या काठाला लागलो. पहिल्या गावाचे गडी नुकते पाण्यात शिरले होते.

बाबू माशासारखा गेला. माणिकप्पा धापा टाकत पण सरळ गेला. मी मध्यावर पोचलो आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. तिथंच खाली मातीसाठी खणलेला खड्डा आहे, पाणी काळं आणि गार. माझे हात थांबले. तोंडात पाणी आलं, बांध दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. बांधावर हजारभर माणूस ओरडत होतं आणि मला एक शब्द कळत नव्हता.

बनाबाई पार पाण्याच्या कडेला आली होती. दोर तिच्या हातात होता. तिनं तो टाकला असता तर मी वाचलो असतो आणि ढाल गेली असती. तिनं दोर खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून ओरडली,

"घे!"

मी हात पुढं टाकला.

"दे!"

मागं ओढला. "घे... दे..." दुष्काळी कामावर तिच्या साखळीत असलेल्या कडूबाईनं मागून आवाज मिसळला. मग चांगुणा. मग बांधावर जिथं-जिथं त्या कामावर राबलेली बाई उभी होती, तिथून ठेका उठला. बौद्धवाडा, गावठाण, सगळीकडच्या बायका. अकरा वर्षांनी पुन्हा साखळी लागली होती, आणि या वेळी टोपलीच्या जागी मी होतो. पाय लोंबत होता, नुसत्या हातांवर आलो. आमच्या पुढं असलेल्या गावचा शेवटचा गडी दमून पाठीवर पडला होता. त्याच्या दोन हात आधी मी पिचिंगच्या दगडाला धरलं.

त्यानंतर हलगी, गुलाल, संघाच्या साहेबांचं भाषण. पितळी ढाल काकांच्या हातात आली, फोटो निघाला, गाव मिरवणुकीला वळलं. बनाबाई मात्र पाण्याकडे तोंड करून उभी होती. काष्टा आवळलेला.

"चेरमन," गुरुलिंग हळूच म्हणाले, "शबूद दिला व्हता तुमी."

काका एकदा साहेबांच्या जीपकडं बघत, एकदा बायकांकडं. बायकांतली एकही जागची हलली नव्हती. हलगी थांबली.

मी लंगडत गेलो, काकांच्या हातातून ढाल घेतली आणि पाण्याजवळच्या दगडावर ठेवली. जन्मभर मी तिला सगळ्यांसारखं 'ए बनाबाई' म्हणत आलो होतो.

"मावशी," मी म्हणालो, "उतरा तुम्ही."

ती काकांकडं बघत राहिली. तिला परवानगी नको होती, शब्द हवा होता. काकांनी फेटा काढला, घाम पुसला आणि गड्याला हाक मारली.

"आरं, म्हशी काढ त्या भाईर. बाईला पवायचं हाय."

बनाबाई वाकली, ओंजळभर पाणी घेऊन तिनं पिचिंगच्या एका दगडावर सोडलं आणि पाण्यात शिरली. घाई नव्हती. हात पुढं, हात मागं. हिरवं लुगडं मागं पसरत गेलं. गुरुलिंगनी सरावातल्या सवयीनं वेळ लावायला घड्याळ काढलं, तर बाबू म्हणाला, "येळ नगा लावू, सायेब." त्यांनी घड्याळ खिशात घातलं.

ती पलीकडच्या काठाला लागली, उभी राहिली, पदर पिळला. परत यायला तिकडून बांधावर येणारी चांगली रुंद वाट होती, तिनंच माती टाकून केलेली. तिनं वाटेकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि पुन्हा पाण्यात उतरली.