आईच्या मुठीचा साचा

पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली: साचा उघडणार नाही.

"नको उघडूस. माझं काय जातंय," साचेवाली कॉम्प्युटरला म्हणाली. कारखान्यात शेजारच्या टेबलावर कुणी मानही वर केली नाही. सगळ्यांना सवय झाली होती.

घरीदारी तिला साचेवालीच म्हणत. साच्यात पातळ माल ओतायचा, तो घट्ट झाला की साच्याचे तुकडे बाजूला ओढायचे, वस्तू हातात. तुकडा कुठे अडकला, तर वस्तू तरी फाटते नाहीतर साचा तुटतो. एकाच मालाची वस्तू असेल तर निभावून नेता येतं. तिला हवी होती चमच्याची मूठ: आत कडक प्लास्टिकचा दांडा, वर मऊ रबर. म्हणजे दोन साचे, आणि दांडा एकातून काढून दुसऱ्यात बसवायचा. त्यात प्रत्येकाचा हात वेगळा. हाताने आखायला बसलं तर एकेका मुठीपायी दिवसचे दिवस जात. म्हणून तिने प्रोग्राम लिहायला घेतला. मुठीचा आकार द्यायचा, कडक कुठे आणि मऊ कुठे ते सांगायचं. साचे कुठे कापायचे ते त्याने ठरवायचं.

तो ठरवायचा, पण असं की कपाळावर हात मारावा. आधी म्हणाला, रबर अगोदर ओता, दांडा नंतर. म्हणजे आधी साल करायची आणि मग त्यात केळं ओतायचं. ते सुधारलं, तर आतला दांडा धरून ठेवायला काही नाही. तो कलंडला, आणि रबर एकीकडे गादीसारखं, दुसरीकडे कागदासारखं. तेही निस्तरलं, तर साच्याचा जोड नेमका तळहाताखाली, टोचणारा.

पहिली मूठ आईसाठी होती. आईची बोटं आखडली होती, चमचा हातात ठरत नसे. दादा भरवायला बसला की ती तोंड फिरवायची. "मी काय चिमणीचं पिल्लू आहे?" दोन घास खाऊन ताट सरकवायची. अंगावरचे कपडे ढगळ होत चालले होते.

अखेर एका दुपारी लाल अक्षरं आली नाहीत. साचे सुटले, मूठ निघाली, जोड कुठेही लागेना. साचेवालीने ती रुमालात गुंडाळून घरी आणली.

आईने मूठ बसवलेला चमचा धरला. तो वाटीत गेला, वर आला आणि तोंडाशी पोचण्याआधी गळून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"छान झालाय गं," आई म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

साचेवालीने मूठ उलटसुलट करून पाहिली. रबर ठीक, दांडा ठीक. बोटांचे खळगे मात्र सरळ, शिस्तीत ओळीने. तिने आईच्या हाताकडे पाहिलं. करंगळी तळव्याकडे वळलेली, शेजारचं बोट तिच्यावर चढलेलं.

"आई, मापासाठी मातीचा गोळा दाबलास, तेव्हा बोटं अशीच होती?"

आईने हात पदराखाली घेतला. सांडलेलं पुसता पुसता दादा म्हणाला, "दुसऱ्या हाताने दाबून सरळ धरली होती. मी पाहिलं."

"आणि बोलला नाहीस?"

"तिने डोळे वटारले. तू बोलली असतीस?"

"तुमच्या कारखान्यात चार लोक बघणार," आई म्हणाली. "म्हटलं, हात जरा नीटनेटका दिसू दे."

इतके दिवस ती प्रोग्रामला बोल लावत होती, आणि त्याने मात्र आईचं खोटं इमानेइतबारे साच्यात उतरवलं होतं. ती उठली, माती भिजवली आणि गरजेपेक्षा जास्त जोराने मळली.

"धर. दुसरा हात पाठीमागे."

गोळा वेडावाकडा चेपला गेला. आईने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"म्हणजे तुला सगळं पहिल्यापासून आलं."

"मला नाही, कॉम्प्युटरला."

तिने फोनने गोळ्याचे चहूबाजूंनी फोटो घेतले आणि लॅपटॉप उघडून नवा आकार प्रोग्रामला दिला. थोड्या वेळाने लाल अक्षरं आली. या वेळी ती काही बोलली नाही. साच्याचा आणखी एक तुकडा पाडायची मुभा तिने त्याला दिली.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"करंगळीपाशी अडतंय म्हणे."

"माझंही तिथेच अडतं," आई म्हणाली आणि दादाकडे वळून तिने तोंड उघडलं. "आजच्यापुरतं हं."