थोरलीची नवी बॅट

मागच्या सामन्यात जुन्या बॅटची मूठ मोडली, तेव्हा थोरलीला एका परीने बरंच वाटलं. कप्तानाने तिला नुकतंच सुनावलं होतं, "तू टिकतेस गं, पण फटके कुठायत? पुढच्या सामन्यात दिसले नाहीत, तर सलामीला दुसरी जाईल." म्हणून दुकानात शिरल्याबरोबर तिने सगळ्यांत जाडजूड बॅट उचलली. पात्याचा भरीव भाग पार खाली, पाय पुढे टाकून ड्राइव्ह मारणाऱ्यांसाठी घडवलेला.

धाकटी बहीण भिंतीला टेकून बघत होती. लहानपणापासून थोरलीला चेंडू टाकायचं काम तिचंच. आता संघही एकच.

"दोन्ही हातांनी काय तोलतेस? खालचा हात काढ."

थोरलीने नुसत्या वरच्या हाताने बॅट मागे नेली. मनगट डगमगलं.

"सवय होईल."

"होईल की. पेन्शनीत निघशील तोवर."

दुकानदाराने हसत मागची सरावाची जाळी उघडून दिली. "ताई, आरशासमोर सगळेच ड्राइव्ह मारतात. चेंडू खेळून बघा."

धाकटीने पहिला चेंडू पुढ्यात टाकला. थोरलीने असा हाणला की जाळी हादरली.

"बघितलंस?"

"बघितलं. मीच वाढून दिला होता."

पुढचा आखूड होता. थोरलीचा पाय नेहमीसारखा आपोआप मागे गेला, मनगटं कटसाठी वळली, पण बॅट पोचेपर्यंत चेंडू निघून गेला होता. त्यापुढचाही तसाच.

"मुद्दाम आखूड टाकतेस तू!"

"सगळ्याच टाकणार. तुझा पाय मागे जातो हे जगजाहीर आहे. तुलाच तेवढं मान्य नाही."

थोरलीला राग आला, कारण ते खरं होतं. मागे सरकायचं, चेंडू उशिरा खेळायचा, क्षेत्ररक्षण करणाऱ्या दोघींच्या मधून हळूच ढकलायचा. आजवरच्या धावा तिने अशाच जमवल्या होत्या. ही तिची उणीव नव्हती, हाच तिचा खेळ होता. पण कप्तानाला तो नको होता. जड बॅट घेतली तर जागा निदान एक सामना टिकेल. हलकी घेतली तर आजच गेल्यात जमा.

ती जड बॅट घेऊन दुकानदाराकडे आली. मग म्हणाली, "हलकी द्या. भरीव भाग जरा वर असलेली."

नव्या बॅटवर एकच आखूड चेंडू खेळली. टक्. तो कुठे गेला, हे बघावंही लागलं नाही.

काउंटरपाशीच तिने कप्तानाला फोन लावला. "सलामीला दुसरी पाठव. मला पाचवी खेळव, नाहीतर बसव. फटके नाही जमणार मला. धावा करीन."

पलीकडून कप्तान म्हणाली,

"पाचवी धाकटी जाते ना. तू सहावी ये."

थोरलीने फोन ठेवला. "सहावी. तुझ्यामागून."

सलामी गेली म्हणून धाकटीचा चेहरा पडला, मग दोघी एकत्र खेळू शकतील हे लक्षात येऊन हळूच उजळला. "मग मी लवकर आउट होऊ का?"

"होऊन तर बघ," थोरली म्हणाली आणि बॅट काखेत मारून बाहेर पडली.