चुन्याचं रिंगण

झेल्मा प्रुइटचं कुरण लष्कराला हवं होतं. बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान तिच्या कुंपणापर्यंत आलंच होतं, आता ते थेट गावाला भिडणार होतं. कुरण गेलं की गायी विकाव्या लागणार, आणि त्या विधवेचं घर चालायचं ते गायींवरच. एकुलता एक मुलगा तिने लढाईवर धाडला होता. आता अजून किती द्यायचं बाईने?

मेजर हॉलिस गावाची समजूत घालायला नेमका चर्चच्या वनभोजनाला आला. आमची पोरं चुकत नाहीत, तुम्ही निर्धास्त राहा, असं तो टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होता. मला तर त्याचे चकचकीत बूटसुद्धा आवडले नाहीत.

शेजारच्या मोकळ्या जागेत मी चुन्याने भलंमोठं रिंगण आखलं होतं. दरवर्षी आखते. बँड वाजतो, लोक रिंगणावर लिहिलेल्या आकड्यांवरून चालतात, बँड थांबला की ज्याच्या पायाखालचा आकडा पुकारला जाईल त्याला केक. पहिला फेरा आटोपून सगळे जेवायला बसले, तेवढ्यात विमान आलं. वरून शीळ घुमली आणि रिकाम्या रिंगणाच्या बरोब्बर मधोमध वाळू नि धूर उसळला.

मेजर टेबलाखाली. बाहेर आला तो पांढराफटक पडून. सरावाच्या मैदानातही असंच पांढरं रिंगण आखतात, हे त्याच्याच तोंडून कळलं. बॉम्ब नुसता वाळूचा आहे, धुरापुरती चिमूटभर दारू असते, असंही तो पुटपुटला. वाळूचा असला म्हणून काय, डोक्यात पडला तर माणूस आडवाच की!

"नेम नाही चुकला हो मेजर, गाव चुकलं," झेल्मा म्हणाली.

विमान वळून परत येऊ लागलं. रिंगण पुसा, रिंगण पुसा, म्हणत मेजर झाडाला टेकवलेल्या खराट्याकडे धावला. पण खराटा झेल्माने आधीच उचलला होता.

"आधी सगळ्यांसमोर सांगा. माझं कुरण कुणाचं?"

"तुमचंच, बाई. शब्द देतो. द्या तो खराटा."

तिने दिला. मेजर वेड्यासारखा झाडत सुटला, आम्हीही पायांनी चुना उधळला. विमान डोक्यावरून घरघरत गेलं आणि काही न टाकता निघून गेलं.

अख्खं गाव साक्षीला असल्यावर मेजर शब्द फिरवतो कसला! पुढच्याच आठवड्यात सैनिकांनी सरावाच्या मैदानाचे खांब उपटून पार उत्तरेला नेले. त्या सकाळी झेल्माने गायी सोडल्या आणि आम्ही सगळ्याजणी तिच्यासोबत कुरणभर फिरलो, अगदी मालकिणीच्या तोऱ्यात.